आतल्या खोलीतली हवा

वस्तादांच्या हातातला निंबाचा फोक जोतिरामच्या पाठीवर मोडला, तेव्हा मी वरच्या सज्जात काचेच्या बशा मांडत होते. हातातली बशी तशीच हातात राहिली.

"दुसरा द्या," खालून वस्तादांचा आवाज आला.

आमच्या गावातली ती इमारत म्हणजे एक नमुनाच होता. खाली तालीम आणि वर सार्वजनिक वाचनालय. मधोमध कुस्तीचा, तांबड्या मातीचा हौदा, त्याच्या चारी बाजूंनी वर लाकडी सज्जा, आणि सज्जातून आत गेलं की पुस्तकांच्या खोल्या. बांधणाऱ्या जुन्या सरदारांना वाटलं असेल, बळ आणि बुद्धी एका छपराखाली सुखानं नांदतील. नांदतायत कुठली. तालमीला वरचा मजला हवा होता, वाचनालयाला खालचा, आणि हे भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू होतं.

मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. पीएचडीला विषय घेतला होता वाचनालयांच्या इमारतींतल्या हवेतले जीवाणू आणि बुरशी. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "एवढं शिकली आणि आता गावभर हवा गोळा करत हिंडतीय." काम मात्र सोपं होतं. काचेच्या चपट्या बशीत चायना ग्रासची जेली लावायची, त्यात बटाट्याचं पाणी आणि थोडी साखर. बशी थोडा वेळ उघडी ठेवायची, मग झाकण लावून उबेत ठेवून द्यायची. हवेतून जे काही तिच्यावर पडलं असेल ते चार दिवसांत वाढून डोळ्यांना दिसतं. एक जीव पडला असेल तर एक ठिपका, दहा पडले असतील तर दहा.

खाली जोतिराम हौद्यात गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. पंचविशीच्या आतला, दाराच्या चौकटीएवढा गडी. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, ते मला वरूनही दिसत होतं. वस्ताद हिंदुराव निकम त्याच्याभोवती फिरत होते. केस पांढरे झालेले, पण दंड अजून पोरांना लाजवतील असे.

"म्हणं दम लागतोय," ते बाकीच्या पैलवानांना सांगत होते. "घरी आठ दिस जत्रंला गेला, तिथं न्हाई लागला दम. चुलता सांगत हुता, घोड्यागत पळत हुतं पोरगं. हितं आला की दोन डावांत फुस्स. मग ह्यो काय आजार हाय? ह्यो चोर हाय. छाती चोरतोय." आणि नवा फोक पाठीवर बसला.

जोतिरामनं हूं की चूं केलं नाही. वस्तादांपुढं तोंड उघडायचं नसतं, मान वर करायची नसते. हात उचलण्याची तर गोष्टच सोडा. वस्तादावर हात टाकणाऱ्याला त्या मातीत पुन्हा पाय ठेवता येत नाही, हा तिथला सगळ्यात जुना नेम. पाठीवर वळ उठत होते, त्यातल्या एकातून रक्त निघून लंगोटापर्यंत आलं होतं आणि तो मातीकडं बघत खोकत होता.

मी तशी तोंडाची फटकळ. आई म्हणायची, हिला कुणाच्या भांडणात पडायचं नाही हे कळतच नाही. मी जिना उतरून थेट हौद्याच्या काठावर गेले. बायकांनी हौद्यात उतरायचं नाही हाही तिथला नेमच. माती बाटते म्हणे. मी चपला काढल्या आणि एक पाय मातीवर धरला.

"वस्ताद, थांबताय का उतरू?"

वस्तादांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मगदुमांची लेक हाईस म्हणून ऐकून घेतोय."

"ऐकून घेताय तर हातातलं खाली टाका. मारून कुणाचा दम वाढत नाही. त्याला ताप आहे का बघितलंय?"

"पुढल्या आठवड्यात मैदान हाय, बाई. शेवटची, मानाची कुस्ती हाय ह्याची. ह्यो तिथं पडला तर मी तालमीला कुलूप घालीन आन् नदीला जाईन." त्यांनी फोक टाकला, पण तो माझ्या पायाजवळ येऊन पडेल असा टाकला. "घेऊन जा वर. पाणी पाजा. उद्यापास्नं ह्याला दुप्पट मेहनत."

जोतिरामला मी वर आणलं. जिन्याच्या मधल्या वळणावर तो थांबला, कठड्याला धरून श्वास जमवला, मग पुन्हा चढला. पाचशे जोर मारणारा पैलवान असा जिना चढत होता.

वर गुळवणी मास्तर टेबलाशी बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचनालय त्यांनीच सांभाळलेलं. किडकिडीत, जाड भिंगाचा चश्मा, आणि पुस्तकाला हात लावायच्या आधी धोतराला हात पुसायची सवय. ते आणि वस्ताद एका वर्गात शिकलेले. त्यामुळं दोघांच्या भांडणाला वयाचा मान नव्हता, दोघं एकमेकांना अरेतुरेच करत.

"आज पुन्हा?" मास्तर म्हणाले आणि माठातलं पाणी घेऊन आले. "हा हिंदुराव एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार आहे."

"मास्तर, आतली खोली उघडा. तिथंही बशा ठेवायच्यात."

मास्तरांचा चेहरा उतरला. "तिथं कशाला? वाचक जात नाहीत तिथं."

"म्या झोपतो की तिथं," जोतिराम म्हणाला आणि करगोट्याची किल्ली काढून त्यानंच कुलूप उघडलं.

त्या खोलीचं सांगायला हवं. आदल्या वर्षी कृष्णा गावात शिरली होती. इनामदार वकिलांचं घर तीन दिवस पाण्यात होतं आणि त्यांची आयुष्यभर जमवलेली पुस्तकंही. पाणी उतरल्यावर घरच्यांनी ती ओली थप्पीच्या थप्पी टेम्पोत घालून वाचनालयाला दिली. मास्तरांनी गच्चीवर चार दिवस वाळवली, जुन्या धोतरांत गाठोडी बांधली आणि ह्या खोलीत रचून ठेवली. टाकायची कशी? पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावतो. कचऱ्यात टाकायचा विचारही त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. मी विचारलं, नदीत का नाही सोडली. मास्तर म्हणाले, "नदीनंच तर ती भिजवली. तिनं परत दिलेलं पुन्हा तिच्यात कसं सोडायचं?"

दार उघडलं तसा तो वास आला. दही सांडून आठ दिवस झालेल्या फडक्याचा येतो तसला. खोलीला एकच खिडकी, तीही पुस्तकं पुन्हा भिजू नयेत म्हणून पत्रा ठोकून बंद केलेली. गाठोडी छतापर्यंत. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जोतिरामची वळकटी, उशाला मारुतीचं चित्र, पाण्याचा तांब्या. मला उभ्या उभ्या शिंका सुरू झाल्या.

"कधीपासून झोपतोस इथं?"

"पाडव्यापास्नं. खाली पोरं घोरत्यात, माती उडती. वस्ताद म्हणाले, वर निवांत हाय, हवा चांगली हाय, झोप मोडायची न्हाई. मास्तरांनी किल्ली दिली." तो जरा थांबला, श्वास घेतला. "फुकट झोपायचं कसं म्हणून सकाळी पुस्तकं झटकतो."

"झटकतोस म्हणजे?"

त्यानं एका गाठोड्यातून दोन जाड ग्रंथ काढले आणि टाळ वाजवावेत तसे एकमेकांवर आपटले. राखाडी धुरळा उठला आणि दारातून येणाऱ्या उजेडात तरंगत राहिला. तो खोकत खोकत भिंतीला टेकला.

"आणि हा दम कधीपासून लागतोय तुला?"

त्यानं विचार केला. "पाडव्यानंतरच की," तो म्हणाला. "सांजचं अंग तापतंय. घरी गेलो की उतरतंय."

"आजपासून खाली झोप."

"वस्तादांनी वर झोप म्हणलंय."

"मी सांगते वस्तादांना."

सांगितलंही. बशा ठेवून झाल्यावर खाली जाऊन सरळ सांगितलं की त्या खोलीतली हवा वाईट आहे, पोराला तिथं ठेवू नका. एक बशी त्यांच्या देखत हौद्याच्या कडेलाही उघडी ठेवली. वस्ताद हसले. सगळी तालीम हसली.

"हवा?" वस्ताद म्हणाले. "पैलवानाला हवा लागती व्हय बाई? आवं, हवा कुणाला दिसती तरी का?"

"दाखवते," मी म्हटलं. "चार दिवस थांबा."

"दावा की. मग बघू."

त्या चार दिवसांत मी दोनदा जाऊन आले. एकदा जोतिरामच्या ओठाला फुटलेलं दिसलं, दुसऱ्या खेपेला त्याचा उजवा कान सुजून बंद झाला होता. माझ्याकडं बघून तो फक्त मान हलवायचा, म्हणजे काही बोलू नका. मी बोलले की रात्री त्याला जास्त फटके बसायचे, हे मला दुसऱ्या एका पैलवानानं सांगितलं. मग मी तोंड आवरलं. त्याचा मला किती त्रास झाला ते माझ्या नवऱ्याला विचारा, त्या दिवसांत घरातली भांडी मी आपटूनच ठेवत होते.

चौथ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. हौद्याच्या कडेच्या बशीवर मोजके ठिपके होते, कुठल्याही अंगणात निघतील तेवढे. वाचनाच्या खोलीतल्या बशीवर थोडे जास्त. जोतिरामच्या उशाजवळ ठेवलेली बशी हातात घेतली. जेली दिसतच नव्हती. काळी, हिरवी, करडी लव सगळी बशी भरून वर आली होती आणि झाकणाला आतून चिकटली होती. इतकी वर्षं शिकवत होते, पण हवेची अशी बशी मी त्याआधी पाहिली नव्हती. तिन्ही बशा स्टीलच्या डब्यात घातल्या, वर्ग सोडून दिला आणि रिक्षा केली.

तालमीच्या दारातच आरडाओरडा ऐकू आला. वस्तादांनी जोतिरामपुढं एकामागून एक ताजे गडी सोडले होते. एकाला पाडलं की दुसरा, दुसऱ्याला पाडलं की तिसरा, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. मी पोचले तेव्हा तो मातीत पालथा पडला होता. ओठ जांभळे झाले होते. वस्ताद त्याच्या कमरेत लाथ घालत होते.

"ऊठ. ऊठ म्हणतो न्हवं. सोंग करतोस?"

मी नेमबिम काही बघितलं नाही, चपलांसकट हौद्यात उतरले. कुणीतरी मला दंडाला धरून ओढलं, मी त्याच्या हाताला चावले. खोटं नाही सांगत, चावले. मग वस्तादांच्या समोर डबा उघडला.

"हवा बघायची होती ना तुम्हाला? ही बघा. ही तुमच्या हौद्याजवळची. ही वाचनाच्या खोलीतली. आणि ही ह्याच्या उशाजवळची."

वस्तादांनी तिसरी बशी माझ्या हातातून घेतली. उजेडाकडं धरली. बराच वेळ बघत राहिले.

"काय हाय हे?"

"बुरशी. भिजलेल्या पुस्तकांवरची. रोज रात्रभर हे तो छातीत ओढतोय, सकाळी झटकतो तेव्हा आणखी. घरी गेला की बरा होतो, कारण घरी ती खोली नाही. चोर नाही तो, वस्ताद. आजारी आहे. असाच आणखी चार दिवस ठेवलात तर मरेल."

मला वाटलं, आता ते खाली बसतील, पोराच्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी बशी भिंतीवर भिरकावली आणि ते जिन्याकडं वळले. तालमीतली चार-पाच पोरं त्यांच्या मागं धावली. मी जोतिरामला कुशीवर वळवलं, तोंडातली माती काढली आणि तेवढ्यात वरून मास्तरांची किंकाळी आली.

मी वर पोचले तेव्हा टेबल उलटं झालं होतं. वस्तादांनी मास्तरांना गळपट्टीला धरून आतल्या खोलीच्या दारापर्यंत फरफटत नेलं होतं. चश्म्याची काच मास्तरांच्या भुवईत घुसली होती आणि रक्त डोळ्यात उतरत होतं.

"माझ्या पोराला मारायला ही खोली दिलीस व्हय मास्तर? जोत्या पडला की तालीम मोडंल, मग खालचा मजला तुझा. व्हय का न्हाई?" प्रत्येक शब्दाला ते मास्तरांचं डोकं चौकटीवर आपटत होते.

"हिंदुराव, सोड," मास्तर कसेबसे म्हणाले. "मी दिली नाही रे. तू मागितलीस. मी म्हणालो होतो आत कोंदट आहे. तू म्हणालास, पैलवानाला काय होतंय. तूच झोपवलंस त्याला इथं."

हे ऐकल्यावर वस्तादांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. त्यांना ते खरं आहे हे कळलं होतं. आणि म्हणूनच त्यांनी गळपट्टी सोडून दोन्ही हातांनी गळा धरला.

बाकीची पोरं खोलीत घुसली होती. त्यांना एवढंच कळलं होतं की पुस्तकांनी जोत्याला मारलं. ती गाठोडी फाडून पुस्तकं सज्जावरून खाली हौद्यात फेकू लागली, भिंतीवर आपटू लागली, लाथेनं उडवू लागली. खोलीतून करडा ढग बाहेर लोटला. समोरचा माणूस दिसेना.

"झटकू नका," मी ओरडत होते. "फेकू नका. पाणी मारा आधी. तोंडाला फडकं बांधा." माझं कोण ऐकतंय. पोरंच एक एक करून खोकत खाली बसायला लागली. त्या ढगात मास्तरांचे पाय जमिनीपासून वर उचललेले दिसले. जीभ बाहेर आलेली. मी स्टीलचा डबा वस्तादांच्या पाठीत घातला, मग डोक्यात घातला. डबा चेपला, वस्ताद हलले नाहीत. कान फुटून रक्त आलं तरी त्यांची नजर मास्तरांवरून ढळली नाही.

तेवढ्यात जिन्याच्या कठड्याला धरून जोतिराम वर आला. अंगभर तांबडी माती, छातीतून शिट्टीसारखा आवाज. तो सरळ त्या ढगात शिरला.

"वस्ताद, सोडा," तो म्हणाला. मी त्याला त्यांच्यापुढं आपणहून बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "वस्ताद. मरंल त्यो."

वस्तादांच्या कानावर ते गेलंच नाही.

मग जोतिरामनं वस्तादांचं मनगट धरलं. एका झटक्यात गळ्यावरून काढलं, पाठमोरा वळून त्यांच्या छातीखाली शिरला, हात स्वतःच्या खांद्यावरून ओढला आणि कमरेत वाकला. तेवढा मोठा माणूस वर उचलला गेला, त्याच्या डोक्यावरून पलटला आणि दोन्ही खांदे टेकून फरशीवर पडला. खालच्या तुळया हादरल्या.

वस्ताद उताणे पडून छताकडं बघत होते. जोतिराम वाकला, दोन्ही हात त्यांच्या पायांना लावले, कपाळाला लावले, आणि तिथंच त्यांच्या पायांवर कोसळला.

वस्ताद उठले. जोतिरामला त्यांनी पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि जिना उतरून रस्त्यानं धावत सुटले. रिक्षावाले हाका मारत होते, पण त्यांना ते सुचलंच नाही. सरकारी दवाखान्यापर्यंत ते तसेच धावले, मागून मी आणि माझ्या हाताला धरून मास्तर.

डॉक्टरांनी पोराला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. मी त्यांना खोलीचं, पुस्तकांचं, बशीतल्या बुरशीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, साखर कारखान्यात भिजलेल्या चिपाडाच्या ढिगावर काम करणाऱ्यांच्या छातीला असंच होतं, त्यांनी असे दोन गडी पाहिलेत, एक गेला. हा वाचेल असं वाटतं. मग त्यांनी मास्तरांच्या गळ्यावरचे बोटांचे वळ बघितले आणि विचारलं, हे काय.

"जिन्यावरून पडलो," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं.

दिवे लागायच्या सुमारास तालमीतली जुनी माणसं दवाखान्याच्या दारात जमली. बातमी गावभर झाली होती, पण हवेची नव्हे आणि बुरशीचीही नव्हे. जोत्यानं वस्तादावर हात टाकला, एवढीच. त्यांनी वस्तादांना विचारलं, काय करायचं. वस्ताद बाकावर बसले होते, कानावरचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"नेम त्यो नेम," ते म्हणाले. "हौद्यात पाय ठेवायचा न्हाई त्यानं." माणसं गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोटच्या पोरागत वाढवला. आन् उलटला कुणासाठी, तर त्या मास्तरासाठी."

मी आत गेले. जोतिराम उशांना टेकून बसला होता, तोंडावर मास्क, पाठीवर मलमाच्या पट्ट्या. मला बघून त्यानं मास्क खाली ओढला.

"मास्तर?"

"ठीक आहेत. तू वाचवलंस त्यांना."

त्यानं नकारार्थी मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागत होता. "मास्तरांसाठी न्हाई, बाई. मास्तर मेले असते तर वस्तादांना फाशी झाली असती. त्यांच्या मागं कोण हाय?"

मी खाटेच्या कडेवर बसले. जे विचारू नये असं वाटत होतं तेच तोंडातून गेलं.

"त्या खोलीत जीव कोंडतोय हे तुला कळत नव्हतं का रे?"

"कळत हुतं की. पयल्या रात्रीपास्नं."

"मग?"

"वस्तादांनी झोप म्हणलं हुतं."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा राग, ते सांगता येणार नाही. त्या मातीचा, त्या नेमांचा, त्या म्हाताऱ्याचा आणि ह्या खुळ्या पोराचासुद्धा. मी बाहेर आले आणि वस्तादांना शब्दाला शब्द सगळं सांगून टाकलं. फाशीचं सांगितलं, पहिल्या रात्रीचंही सांगितलं. काही मऊ करून सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं आणि डोकं मागं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पोपडा पडला, तरी आपटत राहिले. शेवटी मास्तर उठले, त्यांच्या शेजारी बसले आणि आपला हात त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर धरला. पुढचे दोन दणके मास्तरांच्या हातावर बसले. मग वस्ताद थांबले.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण मला शेवटी त्या दवाखान्यातच यायचं आहे. मैदानात जोतिरामच्या नावाची कुस्ती झाली नाही. छाती बरीच सुधारली, पण पैलवानकीपुरती नाही. गावाकडं त्यानं म्हशी केल्या, आता नातवंडं आहेत. हौद्यात त्यानं खरंच पुन्हा पाय ठेवला नाही. ती पुस्तकं आम्ही पाणी मारून, तोंडाला फडकी बांधून तालमीच्या मागं खड्ड्यात पुरली. मास्तरांनी एक एक पुस्तक कपाळाला लावून खाली दिलं आणि खड्ड्यात उतरून ते रचणारे वस्ताद होते. आता दोघंही नाहीत.

तर त्या संध्याकाळी वस्ताद उठले, तोंडावरून हात फिरवला आणि आत गेले. मी दारात उभी राहिले. त्यांना बघून जोतिराम खाटेवरून उतरायला लागला.

"पडून ऱ्हा."

तो पडून राहिला. वस्ताद खाटेच्या पायथ्याशी उभे होते, पहाटे तालमीत उभे राहत तसे, हात मागं बांधून.

"कुठला डाव मारलास मगाशी?"

जोतिरामनं मास्क बाजूला केला. "धोबीपछाड."

"कुणी शिकवला?"

"तुम्ही."

"नीट शिकला न्हाईस. डावा पाय लांब पडला. म्या म्हातारा हुतो म्हणून उडालो. जवान गडी असता तर तिथंच दाबला असता तुला."

"व्हय, वस्ताद."

"बरा झालास म्हंजे सकाळी हौद्यात..." वस्ताद म्हणाले आणि थांबले. नेम त्यांनी मघाशी स्वतःच सांगितला होता.

"हितंच बघ," ते म्हणाले. त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि दोन खाटांच्या मधल्या फरशीवर डावा पाय कुठं ठेवायचा ते त्याला दाखवलं.